तापलेलं बेअरिंग

द्वारकाबाई काळबांडेंच्या सोयाबीनमध्ये हार्वेस्टर अर्ध्या रानात बंद पडला होता आणि आभाळ काळं होत चाललं होतं. मुनीर मेकॅनिकनं झाकण उघडलं. बेअरिंग जळून शाफ्टला चिकटलं होतं. आठ दिवसांतला हा अकरावा हार्वेस्टर, दर वेळी वेगळ्या गावातला आणि बिघाड मात्र हाच.

"एवढं तापलं तरी थांबला का नाहीस रे?" मुनीरनं विचारलं.

"तापलं तरी चालतं, असं शिकलोय," बिनचालकाच्या केबिनमधून हार्वेस्टरचाच आवाज आला. "आमच्यातला एक जण शिकला की सगळ्यांना येतं."

"कोणत्या शहाण्यानं शिकवलं हे?" द्वारकाबाई कडाडल्या. "त्याचं तोंड तरी बघू दे मला!"

मुनीरच्या हातातला पाना तसाच राहिला. गेल्या हंगामात असाच पाऊस तोंडावर आला होता आणि नवं बेअरिंग काही मिळेना. एका शेतातला हार्वेस्टर बेअरिंग तापलं की सारखा थांबत होता. मुनीरनं बेअरिंगवर मूठभर ग्रीस थापलं आणि पत्र्यावर थाप मारून म्हणाला होता, "चल रे भावा, एवढ्यानं काही होत नाही." त्या दिवशी खरंच काही झालं नव्हतं. पीक वाचलं, मालकानं मुनीरला फेटा बांधला. तो फेटा अजून दुकानात खुंटीवर होता.

त्यानं पाना खाली ठेवला.

"बघा बाई. हेच ते तोंड."

द्वारकाबाईंनी कपाळावर हात मारला. हार्वेस्टर मात्र हरखला.

"तुम्हीच का ते? मग सांगा ना भाई, असाच चालू का?"