मळवलेल्या चादरी

तिने धुतलेली चादर जमिनीवर अंथरली आणि चपला न काढता तिच्यावर उभी राहिली. हॉस्पिटलच्या मागच्या भिंतीआड सकाळी सहसा कुणी फिरकत नसे. इकडून तिकडे चालायचं, मग चादर उलटी करायची, कोपरे धुळीत घासायचे, चुरगाळून बोचक्यात कोंबायची आणि दुसरी घ्यायची. काल दिवसभर नवऱ्याने ज्या चादरी धुतल्या होत्या, त्याच आज ती मळवत होती आणि घरी नेऊन पुन्हा त्याच्याच पुढ्यात टाकणार होती.

वेड लागलं नव्हतं तिला. लागलं असतं तर एकवेळ बरं झालं असतं.

नवरा लाँड्रीवाला. हॉस्पिटलच्या चादरी वर्षानुवर्षं त्यांच्याच अंगणातल्या हौदात धुतल्या जायच्या. मग त्यांची एकुलती एक मुलगी तापाने गेली, याच हॉस्पिटलात, आणि त्याने अंथरूण धरलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. जेवा म्हटलं तर दोन घास, बोला म्हटलं तर गप्प. उठायचा तो फक्त चादरींसाठी. आजारी माणूस उघड्या गादीवर पडून राहील, एवढी एकच गोष्ट त्याला अजून सहन होत नव्हती. अंगणाच्या फाटकाबाहेर मात्र त्याने पुन्हा पाऊल टाकलं नाही. आणणं-पोचवणं तिच्याकडे आलं.

आणि एक दिवस हॉस्पिटलात कपडे धुण्याची मोठी मशिनं बसली. मोठ्या सिस्टरनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, आता चादरी बाहेर जाणार नाहीत. धंद्याचं तिला फारसं वाटलं नाही. पोटापुरतं बघायला तिचा भाऊ होता. पण आता नवऱ्याला उठवायचं कशाने? तिने मोडीत काढलेल्या जुन्या चादरी मागून घेतल्या, भिंतीमागच्या धुळीत मळवल्या आणि रोजच्यासारखं बोचकं काखेत मारून घरी गेली. त्याला एक अक्षर सांगितलं नाही.

तेव्हापासून हे चाललं होतं. पूर्वी निदान धुणं आणि मळणं यांच्यामध्ये कुणीतरी त्या चादरींवर निजायचं. कुणी बरं होऊन घरी जायचं, कुणी जायचं नाही. आता मध्ये कुणीच नव्हतं. नवऱ्याला जगवायचं म्हणून ती मळवत होती, पण जगवायचं कशाला, तर उद्या पुन्हा धुवायला. यापलीकडे तिला उत्तर सापडत नव्हतं. देवाला विचारून झालं होतं. भावाला विचारलं तर तो म्हणाला, जास्त विचार करू नकोस. जसं काही ती हौसेने करत होती. घरात रडायचीही चोरी, कारण तिने रडायला सुरुवात केली की त्याचा दोन घासांचा एक घास व्हायचा.

आज तिचा पाय उचलेना. ती त्याच चादरीवर आडवी झाली. इथेच पडून राहावं, कुणी उठवू नये, असं तिला फार वाटलं. वॉचमन भिंतीवरून डोकावला. त्याला सगळं ठाऊक होतं. वहिनी, आज चांगल्याच मळणार म्हणायच्या, असं तो म्हणाला. रोज त्याच्या असल्या बोलण्यावर ती हसायची. आज तिला हुंदका फुटला, आणि तो बिचारा खाली मान घालून निघून गेला. बऱ्याच वेळाने ती उठली. उठावंसं वाटलं म्हणून नव्हे. नवरा हौद भरून बसला असेल म्हणून.

दुपारी दोघं चादर पिळायला उभी राहिली. एक टोक त्याच्या हातात, एक तिच्या. तो एका बाजूला पीळ देई, ती दुसऱ्या. मध्येच तिचे हात थांबले.

"मला आता नाही होत," ती म्हणाली. "या चादरी हॉस्पिटलच्या नाहीत. यांच्यावर कुणी निजत नाही. मीच मळवते."

बोलून गेली खरी. आता हा आत जाऊन भिंतीकडे तोंड करणार, आणि या वेळी उठणार नाही. ती त्याच्या हातांकडे बघत राहिली. त्याने टोक सोडलं नाही.

"माहीत आहे," तो म्हणाला. "हॉस्पिटलच्या चादरीवर रक्त असतं, औषध असतं, ओकलेलं असतं. यांच्यावर नुसती माती. पहिल्याच दिवशी कळलं मला."

"मग धुतल्यात कशाला?"

"तू सकाळी उठून, वेणी घालून कुठेतरी जात होतीस." तो म्हणाला. "या चादरी नसत्या तर उठली असतीस?"

आजवर तिला वाटत होतं, आपल्या मळवण्याला नसेल, पण त्याच्या धुण्याला तरी काही अर्थ आहे, निदान त्याच्यापुरता. तोही नव्हता. ती त्याच्यासाठी उठत होती, तो तिच्यासाठी, आणि दोघांच्याही पायाखाली काहीच नव्हतं. तिने चादरीचं टोक घट्ट धरलं.

"आता दोघांनाही कळलं," ती म्हणाली. "आता कशासाठी उठायचं हो?"

त्याचे डोळे वाहत होते आणि हात मोकळे नसल्यामुळे त्याला ते पुसता येत नव्हते. मग त्याने मान वळवून फाटकाकडे पाहिलं.

"उद्या मीपण येतो," तो म्हणाला. "दोघं मिळून मळवू."