घाईचे लाडू

“सही तुमची एकटीची लागते. नवऱ्याची नको, सासूचीही नको,” डॉक्टरबाई तेलुगूत म्हणाल्या आणि कागद रंजीतापुढे सरकवला.

रंजीताने पेन उचललं. पण नजर गेली बाजूच्या खुर्चीकडे. तिथे तिची सासू प्रयागबाई मांडीवर पितळी डबा घेऊन बसली होती. डोळे मिटलेले, डब्याला फडकं आवळून बांधलेलं. पलीकडे प्रवीण उगाच शर्टाची गुंडी पिळत होता.

तेलुगूची युक्ती त्याचीच. दोघं नवरा-बायको तेलुगू शाळेत शिकलेले. रंजीता तर बेल्लमपल्लीला खाणकामगारांच्या क्वार्टरात वाढलेली. प्रयागबाईला मात्र तेलुगूचं वावडं. तेलंगणातल्या आदिलाबादच्या बाजारात वांगी-मेथी विकण्यात जन्म गेला, पण गिऱ्हाइकाने तेलुगूत भाव विचारला की ती बोटं दाखवायची आणि वर मराठीत ऐकवायची, “घ्याचं असन तं घे, नाई तं पुढं हो.”

म्हणून, रंजीताच्या हृदयाची झडप आकसली आहे, गरोदरपणाचे दिवस पुढे गेले तर तिच्या जिवाचं काही सांगता येत नाही, हे कळल्यापासून घरात सगळी चर्चा तेलुगूत चालली होती. चुलीपुढे चालली, जेवताना चालली. प्रयागबाई आपली भाकरी थापत राहायची.

“काय कुचूकुचू करून राह्यले रे तुमी?” एकदा तिने विचारलंच.

“कापसाच्या भावाचं बोलून राह्यलो, माय.”

“हं. मंग ही काऊन रडून राह्यली?”

“कांदा चिरते ना ते.”

प्रयागबाईने विळीपुढच्या दोडक्याकडे पाहिलं आणि तव्यावरची भाकरी उलटली.

तिला सांगायचं तरी कसं? किती वर्षं वाट पाहून दिवस राहिले होते. बातमी कळली त्या दिवशी तिने बाजारात मेथीची जुडी गिऱ्हाइकाला तशीच देऊन टाकली होती, आणि प्रयागबाई फुकट देते ही गोष्ट भीमपूरपर्यंत पोचली होती. त्यातून शेजारच्या भागाबाईने धाक घातलेला, “पाडनं सरकारनं बंद केलं बाप्पा. सोनोग्राफीच्या भिंतीवर लिवलंच हाय. सरळ जेल होते.” ती पाटी अख्ख्या गावाने वाचली होती आणि अख्ख्या गावाने तिचा एकच अर्थ लावला होता. प्रवीणने आज भीत भीत तेच विचारलं.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. “ती पाटी मुलगा की मुलगी ते पाहण्याबद्दल आहे. हे वेगळं. आईच्या जिवाला धोका असेल तर कायदा आडवा येत नाही, तिच्या बाजूने उभा राहतो. उशीर तेवढा करू नका.”

कायदा बाजूने उभा होता, ठीक. पण कायद्याच्या घरी थोडंच नांदायचं होतं? नांदायचं होतं प्रयागबाईच्या घरी, तिच्या चुलीवर.

आणि त्या डब्यातले लाडू! पाचवा महिना लागलेला नसताना म्हातारीने डिंक तळायला घेतला होता. खारीक कुटली, खोबरं किसलं. “आत्याबाई, इतक्यात काऊन?” रंजीताने विचारलं, तर म्हणे, “माही मर्जी.” प्रवीणने परातीतला एक लाडू उचलला, तशी त्याच्या हातावर चापट बसली. “ठेव खाली. बाळंतिणीचे हायेत.” डिंकाचा एकेक खडा तुपात फुलत होता आणि रंजीताला वाटत होतं, तेवढीच म्हातारीची आस फुलते आहे. ती परसात जाऊन तोंडात पदर कोंबून रडली. आज निघताना ‘तपासणीला जातो’ एवढंच सांगितलं होतं. तर प्रयागबाई डबा घेऊन त्यांच्याआधी ऑटोत जाऊन बसलेली.

“यांना सांगणार आहात ना?” डॉक्टरबाईंनी सासूकडे पाहत विचारलं.

“नाही,” रंजीता तेलुगूत म्हणाली. “आपोआप गेलं म्हणून सांगू. घरी गेले की लगेच कामाला लागेन. आडवी पडले तर कळेल त्यांना.”

“वेडी आहेस का? तुला विश्रांती लागेल. तुझी काळजी घ्यायला कोण आहे?”

पेन कागदावर टेकलं आणि तिथेच राहिलं.

“नेनुन्नानु, डॉक्टरम्मा.”

मी आहे. अस्सल बाजारातलं खणखणीत तेलुगू. कोण बोललं म्हणून प्रवीणने आधी दाराकडे पाहिलं. मग आईकडे. प्रयागबाईचे डोळे टक्क उघडे होते.

“माय! तुले तेलुगू येते?”

“भाव सांगाले बोटं पुरतात. आयकाले देवानं कान देल्ले हायेत.” मग ती सुनेकडे वळली आणि तिचा आवाज एकदम खाली आला. “कर सही, पोरी. मले नातवंड पायजे होतं, खोटं काऊन बोलू? पन तुले देऊन नाई पायजे.”

रंजीताला कागद दिसेना. तिने अंदाजानेच सही केली, आणि ती वाकडी झाली.

“अन् आयकून ठेव,” प्रयागबाई डब्याचं फडकं सोडत म्हणाली, “सव्वा महिना खाटेखाली पाय ठेवला तं पाहून घेईन.”

झाकण उघडलं. खोलीभर तुपाचा वास सुटला. नाक ओढत प्रवीणने आईच्या मांडीवरचं ओझं घ्यायला हात पुढे केला. त्यावर चापट बसली.

“तुले एकदा सांगतलं ना? बाळंतिणीचे हायेत.”