भाडेकराराची मुदत

परभणीहून नाशिकला बदली झालेले प्रल्हाद आणि रेवती लोमटे एजंट पिंगळेबाईंच्या ऑफिसात बसले होते. प्रल्हादला गंगापूर रोडचा फ्लॅट पसंत पडला होता. करारासाठी दोघांनी यंत्रावर बोट टेकवून रक्ताचा थेंब दिला.

पिंगळेबाईंनी पडद्याकडे पाहिलं. “साहेब, तुमच्या नावावर अकरा महिन्यांचा करार होणार नाही. यंत्र तुमचं उरलेलं आयुष्य पाचच महिने दाखवतंय.”

“यंत्र चुकतं का कधी?” प्रल्हादने विचारलं.

“अजून तरी नाही. म्हणून तर घरमालक त्याच्याशिवाय भाडेकरू ठेवत नाहीत. ताईंची अजून बेचाळीस वर्षं बाकी आहेत. त्यांच्या नावावर करू का?”

प्रल्हादने रेवतीचा हात धरला. मग रेवतीने हात सोडवून घेतला आणि टेबलावरचा शहराचा नकाशा स्वतःकडे ओढला.

“गंगापूर रोड राहू द्या,” ती पिंगळेबाईंना म्हणाली. “इंदिरानगरला बघा, मुलीच्या नव्या शाळेजवळ. आम्हा दोघींना पुरेल एवढंच.”

“तिथून माझं ऑफिस फार लांब पडेल गं,” प्रल्हाद म्हणाला.

रेवतीने नकाशावरून नजर उचलली नाही. “थोडेच दिवस जायचंय तुम्हाला,” ती म्हणाली.