घराण्याचं रक्त

थोरली नात प्रेमिला मॅट्रिक झाली, घराण्यातली पहिलीच. जयवंताबाईंनी पाचपावलीत घरोघर पेढे वाटले. कोणी म्हणालं, "बालवाडीतच पाया पक्का झाला पोरीचा," की त्या फणकारायच्या, "मातीचे बैल अन् चिवचिव गाणे! त्यानं कोणी मॅट्रिक होते का वं? रक्तच आमचं तसं!"

दुसऱ्या दिवशी बालवाडीचं कुलूप निघायच्या आधीच त्या धाकट्या नातीचा हात धरून दारात हजर. बालवाडीच्या बाईंच्या कानावर सारं आलंच होतं.

"काहून आजी, हिच्यात तुमचं रक्त नाही का?"

"हाय ना बाई, सारं माह्यंच हाय. मी दुसरीतून पळाली होती," जयवंताबाई हळूच म्हणाल्या, "म्हणून तर भेव वाटून राहिलं."