उरलेला आवाज

भाजीच्या टेम्पोवरच्या भोंग्यासाठी दामिनीनं घरीच आवाज रेकॉर्ड केला. तो साफ करायला तिच्या नवऱ्यानं, पंकजनं, ब्राउझरमध्ये चालणारी स्क्रिप्ट लिहिली. एक बटण दाबलं की नुसता दामिनीचा आवाज. दुसरं दाबलं की तो वगळून उरलेला गोंगाट.

त्या गोंगाटात एक पुरुष हळूच हाक मारत होता, "हर्षे!"

पंकजच्या अंगाचा तिळपापड झाला. हर्षाली हे दामिनीचं माहेरचं नाव. लग्नात त्यानंच ते बदललं होतं. इथं सासरी, भीमपुरात, ते कुणाला ठाऊक नव्हतं.

"घरात कोन येऊन राह्यलं?"

"कोनीच नाही. काऊन हो?"

भर दुपारी त्यानं दारं-खिडक्या लावल्या, तिला माइकसमोर बसवलं, हेडफोन स्वतःच्या कानांवर घट्ट चढवले आणि दुसरं बटण दाबलं.

"बोल आता."

तिचे ओठ हलू लागले. त्याच्या कानात फक्त पंख्याची घरघर. मग अगदी जवळून, लाडानं, "हर्षे!"

दामिनी म्हणून तीनदा हाक मारल्याशिवाय जी कधी वळत नसे, ती पंकजच्या खांद्यामागे बघून लाजली. तिनं ओ दिली.

पंकजला ती ऐकू आली नाही. तिचा आवाज त्यानंच वगळला होता.