शेवटची सभा

सील ठोकायला आलेला कारकून संघटनेच्या खोलीत शिरला. "आजी, किल्ली द्या. येतंय कोण आता इथे?"

खोटं नव्हतं. संघटनेच्या अकरा जणांना सरकारने एकेक करून उचललं. परत कुणीच आलं नाही. उरल्या त्या एकट्या आजी, त्याही आता थकल्या होत्या.

"शेवटची सभा उरकते, मग घ्या," म्हणत त्यांनी सभेची वही काढली. दर सभेला पन्नास वर्षांनंतरच्या सभेचा विषय लिहून पान चिकटवून टाकायचं, ही त्या अकरा जणांची खोड. आजींनी आजचं पान सोडवलं. खाली अकरा सह्या, वर एकच ओळ : "आज एकच जण उरला असेल. किल्ली मागायला येईल त्याला खुर्ची द्यावी."

आजींनी खुर्ची पुढे सरकवली. कारकुनाने सह्या मोजल्या. मग बसला.

"आता आपण काय लिहायचं, आजी?"