शांतवनरावांची प्रार्थना

ऑपरेशन थिएटरच्या दारात स्ट्रेचर थांबवून नर्स म्हणाली, “प्रार्थना करायची तर चटकन करा.”

शांतवनरावांनी घसा खाकरला. दर रविवारी चर्चमध्ये ‘संकटात प्रभूवर भरवसा ठेवा’ अशी लांबलचक साक्ष देऊन भल्याभल्यांना डुलक्या आणणारा हा माणूस. पण बायकोचा गार हात हातात आला आणि पाठ असलेलं सगळं कुठल्या कुठे पळालं. कसेबसे पुटपुटले, “प्रभू, पुढ्यात वाढलेल्या या अन्नाबद्दल तुझे आभार.”

जेवणाची प्रार्थना. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“आमेन,” बायको म्हणाली. कालपासून पहिल्यांदाच हसली. “आता उपाशी बसू नका.”

ती आत गेल्यावर शांतवनरावांनी बाकावर बसून डबा उघडला, डोळे मिटले, आणि पोळीभाजीसमोर तोंडातून निघालं, “प्रभू, तिला सांभाळ.”